केशवाहिन्या आणि पुढच्या रांगेतली टकली

अब्रूचं खोबरं स्वतःच्या हाताने कसं करायचं, ते माझ्याकडून शिका.

आम्ही मस्कतला, अल् घुब्रात राहतो. मी एसीच्या कामावर सुपरवायझर. आमची सई नववीत. मराठी बोलते, पण ठेचकाळत. ती आपल्या मराठी मंडळींच्या मेळाव्यातल्या भाषणस्पर्धेत चक्क मराठीतून विज्ञानावर बोलणार म्हटल्यावर मी हवेतच की हो!

पाठांतर बंद दाराआड चालायचं. मला बाहेरून ऐकू आलं, ‘केशवाहिन्या... पुरवठा वाढतो...’ मी माझ्या टकलावरून हात फिरवला. पोरीने केसांवर इलाज शोधला की काय? विचारायचं सोडून मी साइटवर शब्बीरभाईंना सांगून टाकलं. शब्बीरभाई रत्नागिरीचे, डोकं माझ्यासारखंच. त्यांनी ते राहतात त्या माबेला भागात घरोघर बातमी पोचवली. शुक्रवारी हॉलमध्ये बघतो तर पुढची अख्खी रांग टकलांची, आणि मध्यभागी मी.

सई बोलली मात्र झकास. केशवाहिनी म्हणजे शरीरातली सगळ्यात बारीक रक्तवाहिनी. तिच्या पातळ भिंतीतून पेशींना प्राणवायू मिळतो. तिच्या अलीकडच्या छोट्या धमन्या आकसतात, सैलावतात. जो अवयव राबतो त्याला जास्त रक्त सोडतात. उन्हात त्वचेकडचं रक्त वाढवून अंगातली उष्णता बाहेर टाकतात. म्हणजे आमच्या एसीच्या डक्टमधले, हवा कमी-जास्त सोडणारे डॅम्परच. माझी छाती फुगली. केसांचं मी साफ विसरलो.

शब्बीरभाई विसरले नव्हते. त्यांनी हात वर केला.

“बेटा, सगळं समजलं. पण केस कधी येणार?”

सई गोंधळली. “अंकल, केस नाही. केसासारखी बारीक, म्हणून केशवाहिनी. केसांचं कोणी सांगितलं तुम्हाला?”

शब्बीरभाईंनी माझ्याकडे बोट केलं. अख्खी रांग वळून माझ्याकडे बघायला लागली. कानाच्या पाळ्यांपासून टाळूपर्यंत मी नुसता पेटलो. पळू म्हटलं तर दोन्ही बाजूंना इलाजाचे उमेदवार.

सईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि माइक तोंडाजवळ घेतला.

“आता सगळ्यांनी पप्पांचं डोकं बघा. लाज वाटली की त्वचेतल्या रक्तवाहिन्या अशा ओपन होतात. केस नाहीत, म्हणून क्लिअर दिसतं.”

हॉल हसून लोळला. पहिलं बक्षीस सईलाच. परीक्षकबाई मुद्दाम माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, “भाषण उत्तमच. पण प्रात्यक्षिकाचं साहित्य घरूनच आणलं, हे विशेष आवडलं.”

मी मान ताठ करून ‘थँक्यू’ म्हणालो. साहित्य म्हणून का होईना, बक्षिसात वाटा माझाच ना?