पदराची गाठ

आष्टीहून परतूरला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारी एक बाई आणि तिची शाळकरी मुलगी बसली होती. मुलीची आज इंग्रजीची तोंडी परीक्षा होती, बाईनेच सांगितलं. मागच्या वेळी ती सरांपुढे मुकी उभी राहिली होती.

बाईने पदराला गाठ मारली.

"टाय," मुलगी म्हणाली.

बाईने गाठ सोडली. "शब्दाच्या आधी 'अन' लावलं की काम उलटं."

"अनटाय."

मग बाईने फडक्यात भाकरी बांधली, सोडली. "पॅक. अनपॅक," मुलगी म्हणाली.

"पण आई, सरांपुढं सुचत न्हाई."

"मंग हात हलव. हात चालला की तोंड चालतंय."

आमच्या गुरुजींचा हात फक्त पाठीवर चालायचा. मी चौथीतच शाळा सोडली.

परतूरला मुलगी हवेतच गाठी सोडत, मोठ्याने बोलत उतरली.

"आज सरच मुके होतील," मी म्हणाले. बाई खदखदून हसली.