ताईंची वेणी

सून नातीच्या केसांना मेथी घातलेलं खोबरेल लावायला बसली, की त्या वासानं मी थेट भोरला एका डॉक्टरांच्या घराच्या पायरीवर जाऊन बसते.

वडील गेल्यावर आई पासली गाव सोडून मला घेऊन भोरला आली आणि त्या घरी कामाला लागली. डॉक्टरांची मुलगी माझ्याच वयाची, आठ वर्षांची, पण आई तिला ताई म्हणायची. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिथं पायरीवर जाऊन बसले, तर आई तिला तसंच मेथीचं तेल लावून वेणी घालत होती. एकेक गुंता अलगद सोडवत, हसत विचारत होती, "दुखलं का हो ताई?" माझी वेणी ती दोन मिनिटांत आवळायची, आणि मान हलली की पाठीत धपाटा.

घरी जाताना मी म्हणाले, "मला पण ताई म्हण. तिच्याशी हसतीस तसं हस."

आई चालता चालता थांबली. "तितं हसावंच लागतं, बाय. तुज्यावर चिडाया मला कुणाला इचारावं लागत न्हाई."

पुढं मी एका दवाखान्यात रिसेप्शनला बसून दिवसभर हसले, घरी येऊन पोरावर खेकसले, तेव्हा आईचं बोलणं कळलं. तरी तेलाचा वास आला की त्या पोरीचा हेवा वाटतोच. आईचा राग खरा होता आणि तो सगळा मलाच मिळाला. पण तिचं ते खोटं हसू एकदा तरी मला हवं होतं.