स्वतःच्याच पक्षाची ओळ खोडणारा

जपानात मुलाकडे राहायला आले, तेव्हा टोकियोतल्या हिगाशी-कसाई भागाजवळच्या स्टेशनबाहेर दर रविवारी चर्चहून आलेला एक म्हातारा पत्रकं वाटायचा. पत्रक दोन्ही हातांनी पुढे करायचा आणि कोणी नाही घेतलं तरी वाकायचा. नाव मी विचारलं नाही. मी चौथी शिकलेली, त्याचं बोलणं सून मराठीत सांगायची.

इथे निवडणुकीत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशही लोकांपुढे येतात. नको त्याच्या नावावर फुली मारायची. काहीच केलं नाही, तर पसंती धरतात. म्हाताऱ्याच्या छोट्याशा ख्रिस्ती पक्षाला हे बदलायचं होतं. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हे मला पटलं.

पण प्रत्येक पत्रकाची शेवटची ओळ त्यानं पेनानं खोडली होती.

"आई, त्यात लिहिलंय, न्यायाधीशांनी बायबलप्रमाणे निकाल द्यावेत," सून म्हणाली. "हे यांना मान्य नाही. पक्षातून काढतील म्हणतात."

"मग कशाला खोडतात? विचार."

तो म्हणाला, "उद्या आमचं राज्य आलं, तर आम्हालाही अडवणारं कोर्ट हवं."

"तुमचं राज्य कुठलं येतंय," मी म्हटलं. सुनेनं लाजत ते सांगितलं. म्हातारा पोट धरून हसला.

पुढच्या रविवारी पक्षानं त्याला काढलं होतं, पत्रकंही परत घेतली होती. तो त्याच जागी उभा राहून तोंडीच सांगत होता. चेहरा खुशीत होता. खोडायचं काम वाचलं होतं.