मशीनखालचा लांब खण

माझे मामेसासरे अवजारांची पिशवी घेऊन दारात उभे राहिले, की अकोला-अमरावतीकडच्या आमच्या गोतावळ्यातल्या कुठल्याही घरात आधी म्हाताऱ्या माणसांची मोजदाद होते आणि मग चहाचं आधण ठेवलं जातं. यात अतिशयोक्ती वाटत असेल तर माझ्या बायकोला विचारा. तिचे ते सख्खे मामा. अकोल्याच्या एका शाळेत मुलांना सुतारकाम शिकवण्यात त्यांनी हयात घालवली. निवृत्तीनंतर मुलं सुटली, सुतारकाम काही सुटलं नाही. उंच, वाळलेले, बाभळीच्या काटकीसारखे; अंगाला कायम ताज्या भुशाचा वास. मामी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. माणसांपेक्षा लाकडाशी त्यांचं जास्त बोलणं. फळी घेण्याआधी ते तिला कान लावतात, बोटाच्या पेरानं टकटक करतात आणि आतून कोणी ‘कोण आहे?’ म्हणून विचारेल अशा बेतानं थांबतात. एकदा परतवाड्याच्या वखारीत मी त्यांच्यासोबत होतो. एक झकास सागवानी फळी त्यांनी कान लावून हळूच परत ठेवली. मी विचारलं, “काय झालं मामा?”

“राहू द्या. तिच्यात कोणीतरी हाय.”

“किडा?”

“किडा असता तर घेतली असती,” मामा म्हणाले आणि पुढच्या ढिगाकडे गेले. वखारवाला मात्र त्या फळीपासून दोन हात दूर सरकला.

माणसाला ते तोंडाकडून नव्हे, पायाकडून पाहायला सुरुवात करतात. आमच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी सगळे सासरकडचे माझं शिक्षण, पगार, स्वभाव विचारत होते. मामांनी मला तळपायापासून टाळूपर्यंत एकदा नजरेनं मोजलं आणि म्हणाले, “पाच फूट सात. निजल्यावर अर्धा इंच जास्त.” माझ्या आत्यानं तिथल्या तिथं मीठ-मिरच्या मागवून माझी दृष्ट काढली. पुढं कळलं, की त्यांच्या भागात कोणी गेलं की तिरडी बांधायला मामांनाच बोलावतात. त्यांची तिरडी करकरत नाही, वाकत नाही, एका बाजूला कलत नाही. “निदान शेवटचा परवास तरी माणसाचा गचके न खाता झाला पायजे. ह्या रोडवर जित्याचा कुठं होते?” असं ते म्हणतात. त्यामुळे लग्नांच्या पत्रिका त्यांना नेमक्या लग्नानंतर दोन दिवसांनी मिळतात.

पण तिरडी ही नंतरची गोष्ट. लोक घाबरतात ते मामा आधी येतात म्हणून. बायकोच्या मावशीकडे ते कोणी न बोलावता देवघर करायला गेले. आठव्या दिवशी मावशीचे सासरे गेले. धामणगावला बायकोच्या एका चुलतभावाकडे चपलांचा कप्पा केला. त्याचं पॉलिश वाळायच्या आत घरातले थोरले काका, चांगले धडधाकट, सकाळी दात घासता घासता खाली बसले ते उठलेच नाहीत. धारणीला एक भाचा मास्तर आहे. त्याच्याकडे मामा पुस्तकांचं शेल्फ करायला पंधरा दिवस राहिले. त्या पंधरा दिवसांत भाचा उकळलेलं पाणी प्यायला, जीपच्या टपावर बसला नाही, बायकोशी भांडला नाही. अखेर शेजाऱ्याचा बोकड अचानक मेला, तेव्हा त्या घरानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि मामांना श्रीखंड करून वाढलं.

हे सगळं मी हसत हसत सांगायचो. मामा आमच्या घरी आले त्या दिवसापर्यंत.

राजापेठेत आमचा पहिल्या मजल्यावर फ्लॅट आहे. मागच्या गॅलरीत कपडे धुवायचं मशीन. कपडे पिळायची वेळ आली की ते अंगात आल्यासारखं घुमायचं आणि हळूहळू सरकत दारापर्यंत यायचं. खाली पाणी साचायचं, पावडरचा डबा भिजायचा. बायको फोनवर तिच्या आईला एवढंच म्हणाली, “मशीनखाली लाकडी ओटा पाहिजे, आणि त्यात सामान ठेवायला खण.” आणखी एक गोष्ट तिनं सांगितली असणार, कारण ती रोजच सांगायची: माझ्या वडिलांची तब्येत. दोन महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला होता. डावा हात लुळा पडला होता. काठी घेऊन चार पावलं टाकता आली असती, पण ते उठतच नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवता का विचारलं तर डोळे मिटायचे. आठवडाभर त्यांचा आवाजही ऐकला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात मामा. खांद्यावर पांढऱ्या चादरीत गुंडाळून सुतळीनं बांधलेल्या चार-साडेचार फुटांच्या फळ्या. अकोल्याहून बसनं तसेच आले होते. “लोक फार भले झाले,” ते म्हणाले. “सगळ्यायनं उठून जागा देल्ली. बडनेऱ्याले तर एका बाईनं हात जोडले.”

मी दार पुरतं उघडलं नाही. “मामा, आम्ही रेडिमेड स्टँड मागवलाय,” मी चक्क खोटं बोललो.

“पत्र्याचा असन. गंजते थो.”

“आणि बाबांना आवाजाचा त्रास होतो. पुन्हा कधीतरी...”

मामांनी माझ्या खांद्यावरून आतल्या खोलीकडे पाहिलं. मग खांद्यावरचा गठ्ठा सावरला. ते जिन्याकडे वळले, तेवढ्यात आतून आवाज आला. खरखरीत, जड झालेला, पण बाबांचाच.

“कोन हाय? इवाई का?”

मी धावत आत गेलो. बाबांनी भिंतीकडचं तोंड इकडं वळवलं होतं. मामांना ते इवाई, म्हणजे व्याही, म्हणायचे. मामा माझ्या मागोमाग येऊन खाटेशी उभे राहिले आणि सवयीप्रमाणे पायांपासून पाहू लागले. बाबांनी ते ओळखलं. या माणसाची कीर्ती त्यांनाही ठाऊक होती.

“माह्यासाठी आले का?” बाबांनी सरळ विचारलं.

“मशीनसाठी आलो,” मामा म्हणाले.

“मंग बसा. मशीनले कुठं घाई हाय?”

मामा राहिले. गॅलरीत त्यांनी संसार मांडला: रंधा, पटाशी, करवत आणि काचेच्या नळीतला बुडबुडा दाखवणारी पाणसळ. मशीनचे चार पाय, गॅलरीची फरशी, भिंतीचा ओळंबा, सगळं तपासलं. फरशीचा उतार सापडल्यावर त्यांना एवढा आनंद झाला, की त्यांनी बायकोला हाक मारून तो बुडबुडा दाखवला. दिवसभर रंधा चालायचा, दुपारी थांबायचा, आणि त्या शांततेत टक, टक, टक असा आवाज यायचा. मामा फळीशी बोलत असायचे. खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या. “बाबा बरे आहेत ना?” असं विचारायच्या आणि बाबांऐवजी फळ्यांकडे पाहायच्या. बायको मामांना वाढताना प्रेमानं वाढायची आणि पाठ वळली की देवापुढं दिवा लावायची. दिवसातून चार चार वेळा. मी ऑफिसातून फोन करायचो आणि तिच्या पहिल्या शब्दापर्यंत श्वास धरून ठेवायचो.

चौथ्या दिवशी मी दुपारीच घरी आलो. बायको मुलीला आणायला शाळेत गेली होती. घर गपगार. रंध्याचा आवाज नाही, टकटक नाही. बाबांच्या खोलीत डोकावलो आणि जागच्या जागी थिजलो. बाबा उताणे झोपले होते, छातीपर्यंत चादर. खाटेशेजारी मामा गुडघ्यांवर बसले होते आणि त्यांनी दोन्ही हातांत एक सुतळी ताणून धरली होती, बाबांच्या अंगालगत. ओठ हलत होते. ते इंच मोजत होते.

मी त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. वडीलधाऱ्या माणसाला मी असा हात पहिल्यांदाच लावला. “काय करून राहिले तुम्ही?” माझ्या तोंडून वऱ्हाडीच बाहेर पडली. “कशाचं माप घेता?”

मामा माझ्याकडे शांतपणे पाहत होते. “काठीचं,” ते म्हणाले.

मी आत पाहिलं. बाबांची काठी खाटेच्या कडेला, त्यांच्या अंगाशी समांतर निजवलेली होती.

“काठीचं माप कशाला?”

“खणासाठी.”

“मशीनखालच्या खणात काठी कशाला ठेवायची? ते काठीनं चालणार आहेत!”

मामा सुतळी गुंडाळत गॅलरीत गेले. मी संध्याकाळच्या गाडीनं त्यांना अकोल्याला पाठवायचं नक्की केलं आणि ते सांगायला गेलो, तर मागून खर्र, टक, खर्र, टक असा आवाज आला. बाबा उठले होते. काठी टेकत, उजवा पाय पुढं टाकत, डावा ओढत, झटक्यानंतर पहिल्यांदा ते खोलीच्या बाहेर आले होते. गॅलरीच्या दारात धाप लागून थांबले.

“एवढा गोंगाट करता,” मला म्हणाले, “झोपू बी देत नाई. इवाई, मले काई काम द्या.”

मामांनी एक स्टूल सरकवलं आणि त्यांच्या उजव्या हातात पॉलिश पेपर दिला. “रेषेच्या दिशेनं घासा. आडवं घासाल तर लाकूड चिडते.”

त्यानंतरचे सहा दिवस आमच्या घरात दोन म्हातारे कामाला होते. बाबा घासायचे, मामा बोट फिरवून नापास करायचे, बाबा शिव्या देऊन पुन्हा घासायचे. बाबा आता वरण-पोळी मागून खात होते. ओटा तयार झाला. चार फूट लांब, जाड पायांचा. एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला कपड्यांची टोपली. मशीन घसरू नये म्हणून कडेला पट्टी, पायांखाली रबर. खाली वरच्या ओळीत दोन खण, पावडरीचा आणि चिमट्यांचा. त्यांच्या खाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एक लांब, उथळ खण. मशीन सुरू केलं. ते पूर्वीसारखंच घुमलं, पण तसूभर हललं नाही. बाबांनी उजव्या हातानं मामांच्या पाठीवर थाप मारली. मामा अकोल्याला परतले त्या दिवशी बायकोनं दिवा विझवला नाही. महिनाभर लावतच राहिली.

महिना गेला. काही झालं नाही. दुसरा गेला, तिसरा गेला. बाबा खालच्या चौकापर्यंत फिरून यायला लागले. लांब खण रिकामाच होता. बायको त्यात काहीही ठेवायची नाही. विचारलं तर म्हणायची, “राहू दे.”

बाबा सातव्या महिन्यात गेले. दुपारचं जेवण झालं, खुर्चीत बसून मुलीला कसलीशी गोष्ट सांगत होते, मधेच थांबले. मुलीला वाटलं आजोबा पुढचं आठवतायत. ती बराच वेळ वाट पाहत बसली होती.

मामा अकोल्याहून आले. तिरडी त्यांनीच बांधली. या वेळी माप घ्यावं लागलं नाही. नातेवाइकांत कुजबूज झालीच. सात महिने म्हणजे मामांच्या खात्यात धरायचे की नाही, यावर दोन तट पडले. तेराव्यानंतर बायकोनं बाबांच्या वस्तू गोळा केल्या: चष्मा, कवळीची डबी, छोटा रेडिओ, काठी. टाकवत नव्हत्या, आणि समोर दिसल्या की मुलगी रडायची. शेवटी तिनं लांब खण ओढला. काठी आत ठेवली. ती दोन्ही टोकांना बोटभर जागा सोडून नेमकी बसली.

मामा बाजूलाच उभे होते. मी विचारलं, “तुम्हाला कसं कळतं मामा?”

“मले काईच समजत नाई, जवाईबापू.” ते गॅलरीच्या कठड्याला टेकले. “कोनाच्या घरी बिमार मानूस हाय असं कानावर आलं की मी निंगतो. लोक फळं घेऊन जातात, थर्मास घेऊन जातात. मले दुसरं काय येते? तुमची मामी बिमार होती तवा मी नुसता तिच्या उशाशी बसून राह्यलो. चार महिने. गेल्यावर तिच्या बांगड्या, फणी, सारं हातात घेऊन घरभर फिरलो, ठेवाले जागा नाई भेटली. तवापासून वाटते, जागा आंधी करून ठेवावी.”

त्यांच्या दंडाला धरून केलेली ओढाताण मला आठवत होती. तरी एक शंका राहिलीच. “पण मामा, धामणगावचे काका तर आजारी नव्हते.”

“नाई,” ते म्हणाले. “थे मले बी नाई समजलं. त्या दिवशी नुसतं जावंसं वाटलं.” आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. आजवर लोक त्यांना भीत होते. ते स्वतः कशाला भीत होते, हे कोणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर मामांनी घराबाहेर पडणं सोडलं. एका पुतणीच्या सासरच्यांनी त्यांना फाटकातूनच परत पाठवलं, असं कानावर आलं. अवजारं त्यांनी शाळेला देऊन टाकली. मी फोन केला की म्हणायचे, “बरा हाय. तुमच्याकडं सारे बरे असतीन तर कायले येऊ?” शेवटी गेल्या हिवाळ्यात मी अकोल्याला गेलो आणि म्हणालो, “मामा, घरी चला. सगळे ठणठणीत आहेत. काही बनवायचं नाही. नुसते जेवायला चला.”

त्यांना ते पटकन समजलंच नाही. मग त्यांनी स्वच्छ शर्ट घातला आणि रिकाम्या हातांनी माझ्यासोबत निघाले. बायकोनं रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती. मामा पोटभर जेवले, मुलीशी पत्ते खेळून तीनदा हरले, आणि दुपारी हॉलमध्ये सतरंजीवर आडवे झाले. उताणे, डोक्यापर्यंत चादर ओढून, पाय जुळवलेले. बायकोनं मागचं मशीन बंद केलं, मुलीनं टीव्ही बंद केला. घर एकदम चिडीचूप झालं. अर्धा तास गेला, तास गेला. चादर हलताना दिसेना. बायको माझ्याकडे पाहू लागली. मी पाय न वाजवता जवळ गेलो, गुडघ्यांवर बसलो आणि चादरीच्या छातीवरच्या घडीकडे डोळे लावले.

“जित्ता हाय, जवाईबापू,” चादरीच्या आतून आवाज आला. “चहा ठेवाले सांगा. अन् थोडं झोपू द्या, लई दिसानं झोप लागून राह्यली.”

बायको हसू दाबत स्वयंपाकघरात पळाली. मी मात्र तिथंच बसून राहिलो. हळूहळू मामांचं घोरणं सुरू झालं, चादर वर-खाली होऊ लागली. चहा झाला, निवला. कोणी त्यांना उठवलं नाही.