मखमलबाबांनी घासलेली खिडकी

रंगाऱ्याला आपल्या हाताचा गर्व असावा, पण तो सुनेपुढे मिरवू नये. मखमलबाबा तो सगळीकडे मिरवत.

हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलेलं. बाबांनी रंगवलेल्या दारावर हात फिरवला की उचलवत नसे. त्यांची रीत एकच: जुना रंग पार लाकडापर्यंत घासायचा, आणि तोही कोरडाच. पाणी मारून घासणाऱ्यांची ते टर उडवत. "लाकूड भिजलं की त्याच्या रेषा वर येतात. दार घासताय की भांडी?"

मुलानं एक जुनं घर घेतलं, तेव्हा नातीच्या खोलीला बाबांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. चार वर्षांची ती पोर म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

सून म्हणाली, "बाबा, इतक्या जुन्या रंगात शिसं असतं, लहान पोरांना ते विषच. आधी तपासून घेऊ. निघालंच तर माहितगार माणसं बोलावू. तोवर हिला घेऊन मी आईकडे राहते."

"अगं, उभा जन्म ही धूळ खाल्ली मी. मला कुठे काय धाड भरलीय?"

सून गप्प बसली. मुलानं तर बाबांपुढे कधी तोंडच उघडलं नव्हतं.

बाबांनी खिडकीपासून सुरुवात केली. वरचा पांढरा रंग निघाला, खाली पिवळा, त्याखाली हिरवा. खोलीभर पिठासारखी धूळ झाली. नात शेजारीच फतकल मारून बसायची, आजोबांशिवाय तिला करमायचं नाही. खिडकीच्या कट्ट्यावर साचलेल्या धुळीत ती बोटानं मांजर काढायची. चित्र बिघडलं की बाबा हातानं धूळ सारखी करून द्यायचे. "हं, काढ दुसरं." तेच बोट तोंडात जायचं. बाबांना ते दिसायचं, पण पोरांचं असंच असतं म्हणून ते सोडून द्यायचे. संध्याकाळी झाडू मारला की त्यांच्या मते खोली स्वच्छ.

खोली अशी झाली की शेजारीपाजारी बघायला आले. पुढे नातीचं पोट दुखू लागलं. जेवणावरची तिची वासना उडाली, पोपटासारखी बोलणारी पोर शब्दाशब्दाला अडखळू लागली.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात हल्ली जुना रंग खरवडलाय का?"

"मीच खरवडला," बाबा म्हणाले. तपासणीत पोरीच्या रक्तात शिसं निघालं.

"धूळ थांबली की प्रमाण उतरेल," डॉक्टर म्हणाले. "पण मेंदूवर किती परिणाम राहील, ते आज सांगता येत नाही. घर नीट साफ होईपर्यंत मुलीला तिथे नेऊ नका. आणि झाडू बंद, ओल्या फडक्यानंच पुसायचं."

सून पोरीला घेऊन आईकडे गेली. मग माहितगार माणसं आली, तोंडाला मास्क लावून, दाराला प्लास्टिक ठोकून, पाणी फवारत काम करू लागली. बाबा बाहेर पायरीवर बसून राहिले. अक्कल आपण पाजळली आणि भोगतेय ती, हे त्यांना सहन होत नव्हतं. घरात कुणी त्यांना चकार शब्दानं बोललं नव्हतं, त्याचाच त्यांना जास्त त्रास व्हायचा.

सून एकदा घर कुठवर आलंय ते बघायला आली, तेव्हा ते न राहवून म्हणाले, "पोरी, एकदा शिव्या तरी घाल मला."

"कोणत्या तोंडानं घालू, बाबा?" तिचे डोळे भरून आले. "तुम्हाला ते खोटं वाटलं. मला तर माहीत होतं. तुम्हाला राग येईल म्हणून मी गप्प बसले आणि पोरीला तिथे बसू दिलं. मी आई आहे तिची."

बाबांना तिची समजूत घालायची होती. पण तिला गप्प कुणी बसवलं होतं, ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.