रखमाजीची जीभ

जुन्या जालन्यातल्या गुत्त्यावर रखमाजी दारू वाढायचा, पण त्याच्याइतका निर्व्यसनी माणूस त्या गल्लीत दुसरा नव्हता. नवी बाटली आली की थेंबभर जिभेवर घ्यायचा, थुंकायचा, आणि मग गिऱ्हाइकाचं तोंड बघून ठरवायचा, ह्याला काय द्यायचं आणि त्यासोबत खायला काय. हलक्या देशी संत्रा दारूला झणझणीत ठेचा आणि खारे शेंगदाणे, म्हणजे दारूचा कडूपणा तिखटात बुडून जातो. रमला चरबीचं मटण. हैदराबादहून येणाऱ्या महागाच्या लाल वाईनजवळ मात्र मिरचीला फिरकू द्यायचं नाही; तिला कमी तिखटाचं कोंबडं, फार तर भाजलेला कांदा. "किंमत बाटलीवर राहते, जिभेवर न्हाई," असं तो पैसेवाल्यांना तोंडावर सुनवायचा. तेही हसून ऐकायचे, कारण गडी चुकत नसे.

खाण्याचे पदार्थ त्याची बायको चांगुणाबाई घरी करायची. रोज दुपारी दोन टोपल्या भरून गुत्त्यावर पोचत्या करायची. तिच्या हाताला तोड नव्हती, पण नाव व्हायचं रखमाजीच्या जिभेचं. जगाची रीतच आहे ती.

एकाहत्तर साली रखमाजीचं जुनं गिऱ्हाईक, वडीगोद्रीचे साहेबराव वारले. दहाव्याला जालन्यात कुंडलिका नदीच्या काठी पिंड मांडला; रखमाजीही आला होता. मेलेल्याला जे आवडायचं ते पिंडाशेजारी ठेवायचं आणि कावळा शिवायची वाट बघायची, हा आपला रिवाज. मुलगा शिवाजीनं दिलदारी दाखवून विलायती व्हिस्की ठेवली, मुर्गी ठेवली. समोरच्या बाभळीवर चाळीस-पन्नास कावळे बसले होते. एकही ओरडेना, एकही हलेना. दोन तास झाले. लोक घामेजले, ते काही नुसत्या उन्हानं नव्हे.

त्या सकाळी चहा पिता पिता रखमाजीच्या तोंडात एकाएकी मोसंबीची हलकी दारू आणि करपलेली कलेजी यांची चव भरली होती. त्याला ती आठवली. त्यानं गुत्त्यावरून तेवढंच मागवलं आणि व्हिस्कीची बाटली बाजूला सारली.

"बापाला माझ्या हलकी दारू?" शिवाजी चिडला.

"तुमच्यासमोर विलायती प्यायचे, मालक. माझ्यासमोर हीच."

ग्लास टेकतो न टेकतो तोच कावळा खाली आला.

तेव्हापासून भोकरदनपर्यंतची बोलावणी येऊ लागली. माणूस गेला की त्याची चव आधी रखमाजीच्या तोंडात यायची, मागून निरोप. गुत्त्यावरची गिऱ्हाइकं मात्र त्याच्याशी थट्टा करीनाशी झाली. त्यानं समोर ग्लास ठेवला की भल्याभल्यांचा हात जड व्हायचा. हाच ग्लास उद्या आपल्या पिंडापुढं येणार, हे कुणाला सुचत नव्हतं? एकदा तर समोर खिदळत बसलेल्या तातेरावाचीच चव त्याच्या तोंडात आली. रखमाजीनं त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी तातेराव गेला. त्यानंतर रखमाजीचा आपल्या जिभेवर देवापेक्षा जास्त भरवसा बसला, आणि तिथंच त्याचं चुकलं.

चौऱ्याहत्तरच्या मार्गशीर्षात चांगुणाबाईला ताप भरला. शेजारची गोजरबाई दोनदा येऊन म्हणाली, "दवाखान्यात न्या, भाऊ. जल्दी करा."

"काही होत न्हाई तिला," रखमाजी म्हणाला. "माझ्या तोंडात कुनाचीच चव आली न्हाई."

खरंच आली नव्हती. उलट त्या दिवसांत त्याच्या तोंडाची चवच गेली होती. मीठ घातलं तरी पांचट, मिरची चावली तरी काही नाही. सर्दी झाली असेल, असं त्यानं धरलं. पाचव्या दिवशी चांगुणाबाई भिंतीकडे तोंड करून गेली.

दहाव्याला रखमाजी पिंडापुढं बसला. बाभळीवर तेच कावळे, तसेच गप्प. त्यानं पुरणपोळी ठेवली. भरली वांगी ठेवली. कोंबडं ठेवलं. शेवटी, दुसरं काही सुचेना म्हणून, गुत्त्यावरची सगळ्यात महाग लाल वाईन ओतली. शंभर माणसांच्या आवडी मुखपाठ असलेला हा गडी, तीस वर्षं संसार केलेल्या बायकोला काय आवडायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. ऊन माथ्यावर आलं. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. रखमाजीनं त्यांचा हात धरला. आज कावळा शिवला नाही तर ती उपाशी जाणार, आणि ती आपल्यामुळं, एवढं त्याला कळत होतं.

तो उठून बायकांकडे गेला. "गोजरबाई, तिला काय आवडायचं हो?"

गोजरबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की त्याला मान खाली घालावी लागली.

"आवडायला खायला तर मिळाया पायजे. तुमच्या टोपल्या भरून गेल्या की घरात काय उरायचं? रिकामी ताटली पुढं घ्यायची, तांब्याभर पानी प्यायची अन् पडायची. बहात्तरच्या दुष्काळात तर रोजचंच. तुम्ही गुत्त्यावरून खाऊन येत व्हते, तुम्हाला म्हनायची, मी जेवले. मी तुम्हाला सांगाया निघाले तर तिनं माझं तोंड धरलं. त्यांच्या जिभेवर घर चालतंय म्हने, जिभेला घोर नको."

रखमाजीनं जीभ टाळूला लावून बघितली. तिच्यावर काही नव्हतं. गेले पंधरा दिवस काही नव्हतं. जीभ बिलकूल चुकली नव्हती. तापाच्या पहिल्या दिवसापासून ती बराबर चांगुणाबाईचीच चव सांगत होती.

त्यानं पिंडाजवळचं सगळं उचललं. वाईन वाळूत ओतून दिली. एक रिकामी ताटली मांडली आणि तिच्याशेजारी तांब्याभर पाणी.

झाडावरनं एकच कावळा उतरला. पिंडाला शिवला, मग ताटलीच्या काठावर बसून रिकाम्या पितळेवर चोच मारू लागला. टक, टक. बराच वेळ. भटजी म्हणाले, "शिवला, उठा आता." रखमाजी उठला नाही. ताटलीपुढं हात जोडून तो लहान पोरासारखा रडत होता आणि एकच विचारत होता, "अगं, मला सांगायचं व्हतंस ना?"