सदर इसम आणि बाप्पाचा मुकुट

ती घटना मी विसरायची म्हटली तरी आमच्या ठाण्याच्या घरात मला कोणी विसरू देत नाही. मी जेवताना नुसतं "त्याला सांगा" म्हणालो, की मुलगी ताबडतोब विचारते, "त्याला म्हणजे कोणाला, बाबा? सदर इसमाला?" आणि माझी बायको भाकरी थापता थापता हसते.

तेव्हा मी डोंबिवलीच्या एका पोलीस ठाण्यात होतो. गणपती चार दिवसांवर. बंदोबस्ताचे तक्ते, मंडळांच्या परवानग्या, लाऊडस्पीकरच्या तक्रारी, यात मान वर करायला फुरसत नव्हती. अशात एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. बाप्पाचा चांदीचा मुकुट ऑफिसच्या कपाटातून गायब. पाठोपाठ ते स्वतः अर्ज घेऊन हजर झाले.

अर्ज मात्र वकिलाने लिहावा असा होता. कपाटाची किल्ली वॉचमनकडे असते. मंगळवारी संध्याकाळी कपाट त्यानेच उघडले. त्यानंतर तो मोठी पिशवी घेऊन रिक्षाने गेला. मुकुट त्या पिशवीतच मावतो. सबब चोर तोच.

"पिशवी कोणी पाहिली?" मी विचारलं.

"तळमजल्यावरच्या काकूंनी. त्या दिवसभर खिडकीत असतात, साहेब. आमचा सीसीटीव्ही बंद पडतो, काकू पडत नाहीत."

मी आमच्या हवालदारांना जबाब घ्यायला पाठवलं. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, शिवाय बाईमाणसाचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा असतो. हवालदार तासाभरात परतले. अक्षर मोत्यासारखं, भाषा तीस वर्षं मुरलेली: "वॉचमन याने कपाट उघडले. त्यानंतर सदर इसम हातात पिशवी घेऊन रिक्षाने निघून गेला." मी वाचलं, मान डोलावली आणि वॉचमनला चौकशीला बोलावलं.

पंचेचाळिशीचा, चिपळूणकडचा माणूस. बायको आणि मुलीसह जिन्याखालच्या खोलीत राहणारा. रविवारी सोसायटीच्या गच्चीवर त्याच्या मुलीचा साखरपुडा ठरलेला. सेक्रेटरींनी त्याला बजावलं होतं, मुकुट मिळाला नाही तर नोकरी गेली, खोली गेली, गच्चीही गेली.

"कपाट कोणी उघडलं?"

"मीच, साहेब."

"मग?"

"मग मी पाणी सोडायला पंपाकडे गेलो."

"आणि पिशवी?"

"पिशवीचं मला नका विचारू, साहेब." मी टेबलावर हात आपटला, चहा पाजला, पुन्हा हात आपटला. दुसऱ्या खेपेला चहा माझ्याच फायलीवर सांडला. तो उठून मुकाट्याने पुसायला लागला. चोर असं करत नाहीत, हे मला तिथेच सुचायला हवं होतं. मला सुचलं एवढंच, की फाइल खराब झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी बूट घालत होतो. आतून बायको म्हणाली, "अहो, तो आला होता, ते घेऊन गेला. आणि दुपारी ते यायचेत, तेव्हा जमलं तर लवकर या."

"कोण आला? काय नेलं?"

"इस्त्रीवाला! तुमचा युनिफॉर्म नेला. आणि दुपारी माझे बाबा यायचेत. एवढंही कळत नाही?"

"तू एका दमात दोन माणसं बदललीस."

"मग विचारायचं. घरात विचारता, तसं ठाण्यात विचारत नाही वाटतं?"

विचारलं नव्हतं. मी ठाण्यात पोचताच तो जबाब आणि सेक्रेटरींचा अर्ज शेजारी ठेवला आणि पेन्सिलने प्रत्येक 'तो'च्या डोक्यावर नाव लिहीत गेलो. किल्लीवाला तो, वॉचमन. उघडणारा तो, वॉचमन. पिशवीवाला तो... पेन्सिल थांबली. शेअर रिक्षात मधल्या स्टॉपला एक उतरावा, दुसरा चढावा आणि भाडं मात्र पहिल्याकडून घ्यावं, तसा तो अर्ज होता.

हवालदारांना हाक मारली. "काकूंनी नेमका कोणता शब्द वापरला?"

"त्या म्हणाल्या, 'ते पिशवी घेऊन गेले.' आता जबाबात 'ते' कसं लिहायचं, साहेब? मी सदर इसम केलं."

"आणि वॉचमनला त्या काय म्हणतात?"

हवालदारांचा चेहरा पडला. "अरे-तुरे करतात, साहेब."

मी काकूंना फोन लावला. "काकू, पिशवी घेऊन गेले ते कोण?"

"कोण म्हणजे? आमचे हे! वॉचमनने त्यांना कपाट उघडून दिलं. नंतर ते तसेच गावी गेले. का हो?"

का ते सांगितल्यावर म्हणाल्या, "माझ्या बोलण्याने त्याला धरलात? मग सोडवायला मीच येते. घरी-बिरी येऊ नका तुम्ही."

आल्या. काठी टेकत, रिक्षातून. चौकशीला पुन्हा बोलावलेला वॉचमन बाकावर बसला होता, सेक्रेटरीही आले होते. हवालदारांनी कागद पुढे ओढला. "काकू, आता यजमानांचं पूर्ण नाव सांगा."

"इश्श! पन्नास वर्षांत असं कोणापुढे घेतलं नाही."

"घ्यावं लागेल. नाहीतर पुन्हा सदर इसम होईल."

काकूंनी पदर सारखा केला आणि अख्ख्या ठाण्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"बाप्पाच्या मुकुटाला मोत्यांचा घोस,
अमुकरावांनीच नेली पिशवी, वॉचमनचा नाही दोष!"

नाव मी इथे गाळलंय, त्यांनी गाळलं नव्हतं. वायरलेसवरचा शिपाईसुद्धा टाळ्या वाजवत बाहेर आला.

मी वॉचमनकडे वळलो. "तुला माहीत होतं. मग बोलला का नाहीस?"

"काकांनी माझ्या पोरीला दहावीला फुकट शिकवलं, साहेब. त्यांचं नाव मी पोलिसांत कसं घेऊ?"

एकाच माणसाचं नाव दोघांनी घेतलं नव्हतं, एकीने रीत म्हणून, दुसऱ्याने उपकार म्हणून. ती रिकामी जागा आम्ही 'सदर इसमा'ने भरली, आणि खाली सही माझी.

काकांना गावी फोन लागला तेव्हा तेच उलट रागावले. मुकुटाचा तुरा वाकला होता, म्हणून कल्याणच्या जुन्या कारागिराकडे दिला होता. "मी ग्रुपवर टाकलं होतं! 'ते काम कल्याणला दिलं आहे, चतुर्थीच्या आधी होईल.'" सेक्रेटरींनी मोबाइल काढला. मेसेज होता. त्यांना वाटलं, काम म्हणजे मंडपाचे पडदे. खाली त्यांनीच होकाराचा अंगठा टाकला होता.

सेक्रेटरींनी ठाण्यातच वॉचमनची माफी मागितली. मीही मागितली, फाइलीआडून नव्हे, उठून.

नोकरीतल्या उरलेल्या वर्षांत मी पेन्सिल खिशातून काढली नाही असा जबाब नाही. माणसं खोटं बोलतात म्हणून आपण फसतो असं आम्हा पोलिसांना वाटतं. त्या प्रकरणात प्रत्येक जण खरंच बोलत होता. फसलो ते, कोणाबद्दल बोलतायत हे आपल्याला कळलंच आहे, या तोऱ्यामुळे.

शनिवारी वॉचमन ठाण्यात आला. दारातच घुटमळला. "साहेब, उद्या गच्चीवर या. पोरीच्या बापाने बोलावलंय."

मी पेन्सिल काढली. "पोरीचा बाप म्हणजे कोण? स्पष्ट सांग."

तो पहिल्यांदाच मोकळा हसला. ताठ उभा राहिला.

"मी," म्हणाला.